रवीच्या दांड्याची खुंटी

मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि माझं मनगट मोडलं. डॉक्टरांनी आत एक पट्टी घालून ती स्क्रूंनी बसवली. भूल उतरल्यावर मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे स्क्रू पुन्हा काढायचे आहेत की कायमचे. तो तरुण डॉक्टर हसला. म्हणाला, आजी, सगळे दुखेल का म्हणून विचारतात, असं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. मी त्याला काही सांगत बसले नाही, पण तो प्रश्न माझा नव्हताच. तो माझ्या अप्पांचा होता. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात लांब फळीमागे उभं राहून त्यांनी तो जन्मभर गिऱ्हाइकांना विचारला. कुणी येऊन नुसते खिळे मागितले तर अप्पा डब्याला हात लावत नसत. आधी विचारत, "बिच्चबेका, इल्ला शाश्वतना?" पुन्हा सोडायचंय, की कायमचं? गिऱ्हाईक वैतागायचं. खिळे मागितले तर खिळे द्यावेत, वर ही चौकशी कशाला? पण अप्पांचं म्हणणं असं की, उत्तर मिळाल्याशिवाय मी काय देऊ? कायमचं असेल तर खिळा, उद्या उघडायचं असेल तर स्क्रू, रोज उघडायचं असेल तर कडी. माणसं घाईत चुकीची वस्तू नेतात आणि मग लाकूड फुटलं की लाकडाला शिव्या देतात.

अशा माणसाच्या घरात एकही खिळा नव्हता, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. सरस्वतीपुरममधलं आमचं घर भाड्याचं. पुढच्या भागात मालक राहायचे, निवृत्त हेडमास्तर, स्वभावानं देवमाणूस. त्यांची अट एकच, भिंतीला भोक पाडायचं नाही. तेव्हा आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोऱ्यानं लटके. आरसा जुन्या लुगड्याच्या काठांनी दोन गजांमध्ये बांधलेला. स्वयंपाकघरातली फळी कौलांखालच्या वाशाला काथ्यानं टांगलेली, आणि तो काथ्या अप्पांनी ओला करून बांधलेला, म्हणजे वाळताना आवळतो. आई म्हणायची, चांभाराच्या बायकोला वहाण नसते तसं नव्हे, इथं वहाणा टांगलेल्या आहेत. खिळे आमच्या घरी फक्त धुण्यात सापडत. अप्पांच्या सदऱ्याचे खिसे खिळ्यांनी झिजलेले असायचे. दगडावर सदरा आपटला की टिंग असा आवाज यायचा आणि आई जिथं असेल तिथून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायची. रागावली की ती कन्नडात जायची. एरवी घरात मराठी, पण अशी की पुण्याच्या पाहुण्याला निम्मी कळू नये. कधीकाळी आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसून आले म्हणे. घोडे गेले, फौज गेली, भाषा तेवढी घरात राहिली आणि तिच्यात शेजारपाजारचं जे जे शिरलं ते तिनं ठेवून घेतलं.

घरात आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही. अक्का, म्हणजे इंदू, माझ्याहून बरीच मोठी, आईच्या वळणाची, शांत. मी अप्पांच्या मागे मागे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन दुकानात जाई. रागीची मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, पातळ सारू आणि वर केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेलं लोणचं. अप्पा जेवत तेवढा वेळ मी डब्यांवरच्या धुळीत बोटं फिरवी आणि ते घास गिळता गिळता शिकवीत. खिळा मारण्याआधी त्याचं टोक हातोडीनं जरासं बोथट कर, मग फळी चिरत नाही. स्क्रूला साबण लाव. गिरमिटानं आधी भोक पाड, ते स्क्रूपेक्षा बारीक पाहिजे. चामड्याला रिबीट, कापडाला टाका. आईच्या मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळेला केळीचं सोपट, कारण दोरा देठ कापतो. ही एक गोष्ट तुझी आई माझ्यापेक्षा जास्त जाणते, असंही ते सांगत. त्या दिवसांत दुकानात बाटलीतला पांढरा डिंक नवा आला होता आणि अप्पांना त्याचं फार कौतुक होतं. त्यानं चिकटवलेलं लाकूड बाजूनं फुटेल पण जोडातून सुटणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. जुना सरस होताच, कातड्या-हाडांपासून केलेला, वाळल्या गुळासारख्या खड्यांचा. तो पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून तापवावा लागे आणि त्याचा वास असा की आईनं त्याला उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. पांढरा डिंक आल्यावर सरस कोण विचारतो? मागच्या फळीवर त्याचा डबा पडून असे.

आता पाळण्याविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं मी त्याच्यासाठीच सांगत बसले आहे. आमच्या सगळ्या भावकीत मिळून एकच पाळणा होता. काळपट लाकडाचा, कडेला बारीक दांड्यांची ओळ, आणि त्याच्यात लोखंडाचा कणही नाही. चारी कोपऱ्यांत एका पट्टीचं कोरलेलं टोक, म्हणजे कूस, दुसरीच्या भोकात बसवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची, की तो उभा. खुंट्या ओढल्या की त्याच्या पट्ट्या होत आणि एका गोणपाटात मावत. घोड्यावर लादून छावणीबरोबर नेता यावा म्हणून असा केला, असं मोठी माणसं सांगत. अप्पांना ते पटत नसे. त्यांच्या मते करणारा सुतार शहाणा होता, एवढंच. ज्या घरी बाळ व्हायचं असेल त्या घरी गोणपाट जाई. कधी येलवालला, अप्पांच्या थोरल्या भावाच्या गावी, कधी आमच्याकडे, बसच्या टपावरून. आणि रीत अशी की प्रत्येक बाळासाठी त्याच्या मामानं एक नवी खुंटी आपल्या हातानं करायची. बारशाच्या दिवशी पाळण्यातली सगळ्यात जुनी, ढिली झालेली खुंटी काढायची, तिथं नवी बसवायची, आणि काढलेली ज्याची असेल त्याला परत द्यायची. तोवर तो बहुधा मिसरूड फुटलेला बाप्या झालेला असे आणि सगळ्यांपुढे ती बोटभर खुंटी हातात घेताना लाजत असे. पाळण्याकडे बघून थोरांना खुंट्या ओळखता येत. ही चिंचेची, तुकारामाची. ही फणसाची, पिवळी, सुमीची. सुमी म्हणजे मी.

पहिल्या बाळंतपणाला अक्का घरी आली तेव्हा मी शाळेचं शेवटचं वर्ष संपवत होते. गोणपाट येलवालहून आलं ते घेऊन दोड्डाई स्वतः आल्या. दोड्डाई म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको. कन्नडातली दोड्ड, म्हणजे मोठी, आणि मराठीतली आई, अर्धं अर्धं. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या, आणि भावकीतल्या सगळ्या रीती त्यांच्या तोंडपाठ. त्यांनी आल्या आल्या विचारलं, खुंटी कोण करणार, या पोरीला भाऊ कुठाय? आपल्या मुलाला, तुकारामाला, करायला सांगते म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मावशी करेल. दोड्डाईंनी तोंड वाकडं केलं, पण पटाशी धरलेली मुलगी त्यांना बघायचीही होती.

मी मोठ्या दिमाखात अंगणातल्या पेरूची फांदी तोडली आणि दुपारभर बसून सुरेख खुंटी केली. अप्पांनी ती नखानं दाबून बघितली आणि परत दिली. ओल्या लाकडाची खुंटी आज गच्च बसते आणि सुकली की खुळखुळते, हे मला माहीत असायला हवं होतं. आता वाळलेलं लाकूड आणायचं कुठून? अप्पा स्वयंपाकघरात गेले आणि आईची मोडकी रवी घेऊन आले. रवीचं फूल तुटलेलं, दांडा तेवढा आईनं चूल सारखी करायला ठेवला होता. आजीच्या काळापासून ताक घुसळून घुसळून तो गुळगुळीत झालेला, रेषा सरळ, आणि इतका मुरलेला की आता त्याच्यात काही व्हायचं राहिलं नव्हतं. मी त्याची खुंटी केली. एका टोकाला जरा निमुळती, कानशीनं घासलेली. नाकाला लावली तर खरोखर ताकाचा वास. अक्का खाटेवर पडल्या पडल्या हसली आणि म्हणाली, माझं बाळ गवळी होणार.

अप्पांनी पाळणा आधीच उभा करून ठेवला, खुंटीही बसवून टाकली. बारशाला नुसतं हात लावल्यासारखं करू म्हणाले. मुलगा झाला. नाव ठेवायचा दिवस आला नाही. त्याला श्वास नीट घेता येत नव्हता. दवाखान्यातून घरी आणला आणि पुन्हा नेला, आणि दुसऱ्यांदा आणला नाही. ह्याहून जास्त मी आजही लिहू शकत नाही. त्याचा फोटो नाही, पत्रिका नाही, नाव नाही. ह्या जगात त्याच्यासाठी म्हणून केलेली वस्तू एकच होती.

भेटायला आलेल्या दोड्डाईंनी जाताना अप्पांना अंगणात बाजूला घेतलं. गेलेल्याची खुंटी पाळण्यात राहता कामा नये, ती काढा आणि श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडून या, असं त्यांनी सांगितलं. अप्पा 'बघतो' म्हणाले. दारामागे उभ्या असलेल्या अक्कानं ते ऐकलं. त्या रात्रीपासून ती गोणपाट ठेवलेल्या माळ्याखालीच अंथरूण घालू लागली. एकदा मी तिचे केस विंचरून देताना तिनं मला विचारलं की अप्पांनी ती सोडली का ग. मी नाही म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि मला जाणवलं की तिचे खांदे सैल झाले. तेव्हा मला समजलं की ती खुंटी गेली तर अक्काकडे आपण आई झालो होतो याची काही खूणच राहणार नाही. मला फार रडू आलं आणि मी ते वेणीच्या गाठीत दडवलं.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली, धडधाकट, आवाज दोड्डाईंवर गेलेला. बारशाच्या आदल्या दिवशी अप्पांनी रजा घेतली आणि पाळणा एकट्यानं उभा केला. मला जवळ येऊ दिलं नाही. मागच्या अंगणात तीन दगडांवर त्यांनी काहीतरी तापवत ठेवलं होतं, त्याचा वास साऱ्या गल्लीत. आई नाकाला पदर लावून ओरडली की उद्या पाहुणे यायचे आणि तुम्हाला आज ही घाण सुचते. दुकानातल्या स्टुलाचा पाय निखळलाय, असं अप्पा म्हणाले. पुढच्या भागातून हेडमास्तरांनीही डोकावून बघितलं आणि सभ्यपणे खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. आईनं हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या होत्या, कुणी त्यांना उसळी म्हणत होतं. नंजनगूडची केळी, खीर, मल्लिगेचा ढीग. मी या बाळासाठी नवी खुंटी केली होती, शिसवीच्या तुकड्याची. जुनी काढायची वेळ आली तेव्हा दोड्डाई उठल्या, पाळण्याभोवती फिरल्या आणि रवीच्या दांड्याच्या खुंटीपाशी थांबल्या. ती ओळखायला कठीण नव्हती, सगळ्यांत उजळ तीच. त्यांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, भाऊजी, ही अजून इथं? लेकरू ह्याच्यात निजवायचं हाय. मग त्यांनीच खुंटी चिमटीत धरली आणि ओढली. हलली नाही. लाकडी हातोड्यानं खालून ठोकली. हलली नाही. मी अक्काकडे बघितलं. बाळाला छातीशी धरून ती भिंतीला टेकली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"लाकूड फुगलंय, वहिनी," अप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. दुसरी ढिली असंल ती काढा."

दोड्डाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. अप्पा छताच्या कडीकडे बघत होते. बायका खोळंबल्या होत्या, खीर निवत होती. शेवटी दोड्डाईंनी सगळ्या खुंट्या चाचपल्या आणि जी सहज हातात आली ती काढली. फणसाची, पिवळी. माझी. लग्न न झालेल्या मुलीला खुंटी परत मिळाली म्हणून सगळ्या हसल्या आणि मी ती पोलक्यात लपवली. मुलीचं नाव मंगला ठेवलं.

उन्हाळ्यात कधी लाकूड फुगतं? मला तेव्हाच कळलं होतं की अप्पांनी ती चिकटवली आहे. दोड्डाईंच्या हाताला येऊ नये म्हणून, आणि अक्कानं काही मागितलेलं नसताना. मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडं हसूही आलं, कारण साऱ्या म्हैसूरला 'सोडायचंय की कायमचं' विचारणाऱ्या माणसानं, जी वस्तू सुटण्यासाठीच केली होती तीच चिकटवून ठेवली होती. अक्काच्या नवऱ्याची, भावजींची, बदली झाली होती, नव्या गावी घर मिळेपर्यंत अक्का आमच्याकडेच राहिली. पाळणा हलवताना तिचा हात नेहमी त्याच कोपऱ्यावर असे. मंगला त्याच कोपऱ्याला धरून उभी राहायला शिकली. बाहेर शहराच्या बसचे हॉर्न, आत पाळणा टांगलेल्या साखळीची कुईकुई. आजही कुठं झोपाळा करकरला की मला ते मागचं घर आठवतं.

मंगला पाळण्यात मावेनाशी झाली त्याच सुमाराला येलवालहून निरोप आला. तुकारामाची बायको बाळंत झाली होती. दोड्डाई नवं रिकामं गोणपाट घेऊन सकाळच्या बसनं आल्या, नातू झाल्याच्या आनंदात, सोबत घरची शेंगदाण्याची चिक्की. चहा झाला. मग पाळणा खाली उतरवला आणि खुंट्या काढायला सुरुवात झाली. एकेक कोपरा सुटत गेला. शेवटचा सुटेना. दोड्डाईंनी वाकून खुंटीच्या कडेला बोट फिरवलं, काहीतरी खरखरीत लागलं, आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

लाकूड फुगलं नव्हतं तर. अप्पांनी मान्य केलं की नाही फुगलं. मग दोड्डाईंचा आवाज चढला. सगळ्या भावकीचा पाळणा, तो काय ह्या घरचा झाला? माझ्या नातवाला आता साडीच्या झोळीत घालू? मी न विचारता मध्येच बोलून गेले की पांढरा डिंक लावला असेल तर ती आता निघायची नाही, लाकूडच फुटेल. आई म्हणाली, सुमे, गप. दोड्डाई म्हणाल्या, फोडायचं कशाला, आमच्या तुकारामाकडे गिरमिट हाय, तेवढी पोखरून काढता येती. कोपरा तसाच उचलून येलवालला नेऊ.

अक्का तोवर मंगलाला भात भरवत होती. ती उठली, हात न धुता आली आणि त्या कोपऱ्यावर तिनं तळहात ठेवला. भाताची शितं लाकडाला लागली. 

"इंदू," अप्पा म्हणाले, "सोडायचंय काय? तू सांग. नको म्हणालीस तर हा हितंच ऱ्हाईल. येलवालला मी नवा करून देतो, वहिनींच्या शिव्या मी खाईन."

लाकडाला लागलेली शितं अक्कानं एकेक करून वेचली. मग तिनं अप्पांकडे नाही, दोड्डाईंकडे बघितलं.

"पाळणा लेकरासाठीच हाय," ती म्हणाली. "न्या की. पण हिला पाण्यात टाकणार असाल तर मी सोडणार नाही."

मला वाटलं आता दोड्डाई फुटणार. त्या खाली बसल्या. गोणपाट मांडीवर घेतलं आणि त्याच्या सुतळीशी चाळा करत राहिल्या. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"मी टाकली ग," त्या म्हणाल्या. "तुकारामाच्या आधी एक होता. सासूबाई म्हणाल्या, टाक, नाहीतर पुढचं जगायचं नाही. मी गेले आणि टाकली. तुकाराम जगला. म्हणून मला वाटलं, तसंच करायचं असतं." सुतळी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "आता आठवायला बसते तर ती कुठल्या लाकडाची होती तेसुद्धा आठवत नाही बघ."

आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा. ज्या बाईला आम्ही सगळे रीतींची पोलीस म्हणून हसत होतो, तिनं ही गोष्ट एवढी वर्षं एकटीनं सांभाळली होती. अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसली, खांद्याला खांदा लावून. मंगला रांगत आली आणि तिनं दोड्डाईंच्या मांडीवरचं गोणपाट ओढायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं अप्पांनी मला पाणी तापवायला सांगितलं. उकळतं नको, हाताला चटका बसेल एवढं. जुन्या धोतराच्या चिंध्या आण. मला कळेना की पांढऱ्या डिंकाला पाण्यानं काय होणार. अप्पांनी चिंध्या पाण्यात बुडवून, पिळून, त्या खुंटीभोवती गुंडाळल्या, निवल्या की काढल्या, पुन्हा गरम गुंडाळल्या. मी पातेलं धरून बसले होते. थोड्या वेळानं वाफेबरोबर एक वास वर आला आणि आईनं नाकाला पदर लावला. तोच वास, बारशाच्या आदल्या दिवशीचा. दुकानातल्या स्टुलाचा पाय. मी अप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, सरसच तो. गरम पाण्यानं सुटतो. एवढं बोलून त्यांनी चिंधी अक्काच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकून बसले.

पुढचं अक्कानं केलं. चिंधी गुंडाळायची, काढायची, खुंटी दोन बोटांत धरून जरा फिरवून बघायची. कुणी घाई केली नाही. दोड्डाईंची दुपारची बस निघून गेली तरी त्या उठल्या नाहीत. मग एकदा फिरवताना खुंटी कुरकुरली, आणि पुढच्या चिंधीनंतर अलगद वर आली, जशी मी केली होती तशीच, फक्त कडेला सरसाचा पिवळा चिकट थर. अक्कानं ती धुतली, पदरानं पुसली आणि नाकाशी नेली. तिचं तोंड वाकडं झालं आणि ती हसली. गवळी कुठला, चांभार झालाय, म्हणाली. मग तिला रडू आलं, पहिल्यांदा आमच्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आणि आईनं तिला धरलं. मीही रडले. अप्पा उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथं बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

बाकीच्या खुंट्या दोड्डाईंनी एका फडक्यात बांधून गोणपाटात टाकल्या. ही अक्कानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गोणपाटात टाकली नाही. पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि पदर कमरेला खोचला. ती आमच्या नातवाच्या डोक्याशी बसवीन, म्हणाल्या, आणि काढायचीच झाली तर आमच्या तुकारामाची काढीन, तो रेडा आता मोठा झाला. त्यांनी तसंच केलं. पुढे तो पाळणा भावकीत पुष्कळ हिंडला. माझ्या मुलाच्या वेळी आमच्याकडे आला तेव्हा मी आधी तो कोपरा बघितला आणि मगच बाकीचं गोणपाट उघडलं. माझी स्वतःची फणसाची खुंटी माझ्याकडे आहे. मनगटाचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला दिला होता, तो हरवला. आता मी तीच मुठीत धरून दाबते.

त्या संध्याकाळी अप्पा, अक्का आणि मी दोड्डाईंना बसवर पोचवायला गेलो. येलवालवरून जाणाऱ्या हुणसूरच्या बसच्या टपावर गोणपाट चढलं. दोड्डाई खिडकीशी बसल्या आणि एक हात त्यांनी कमरेच्या गाठीवर ठेवला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात तिथंच होता. परतताना मंगला अप्पांच्या खांद्यावर झोपली. कोपऱ्यावर मल्लिगेवाली बसली होती, अप्पांनी दोघींसाठी माळ घेतली, आणि सोपटाचीच आहे ना ते बघून घेतलं. बऱ्याच अंतरावर गेल्यावर अक्का म्हणाली, "अप्पा, तुम्हाला कसं ठाऊक, मी एक दिवस सोडीन म्हणून?"

अप्पांनी मंगलाचं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर सरस लावला."